दांतांचा रंग आणि पाण्याचा गुण

परभणी जिल्ह्यांतील पालम हा गोदावरीच्या कांठचा तालुका. अशा तालुक्यांतून नदी जवळ असली तरी घरोघरचे हंडे पुष्कळदां विहिरीच्या किंवा कूपनलिकेच्या पाण्यानेंच भरतात. लग्नाच्या बैठकींत मुलीच्या दांतांचा पिवळेपणा तोंडावर कोणी बोलून दाखवीत नाहीं. पण मुलगी मात्र हंसतांना पदर ओठांशीं नेते. मग कोणी लिंबू-मीठ सुचवितो, कोणी कोळशाची पूड. डाग कशाचा आहे, हें न पाहतां केलेला हा उपचार डागाऐवजीं दांतच खातो.

मुळांत दांत शुभ्र असतो, ही समजूतच खरी नव्हे. दांताचें बाहेरचें कवच कांचेसारखें अर्धपारदर्शक असून त्याखालचा भाग जन्मतःच पिवळसर असतो. वय वाढतें तसें कवच झिजतें आणि आंतला रंग अधिक दिसूं लागतो. हा रोग नव्हे. सौंदर्याची कल्पनाही कायम राहत नाहीं. एके काळीं महाराष्ट्रांतील सुवासिनी दांतवण लावून दांत मुद्दाम काळे करीत. हिरड्याचा तुरट अंश आणि लोह यांच्या संयोगानें जुनी शाई जशी काळी होई, तसाच हा रंग चढे.

डागांचे प्रकार दोन: बाहेरून बसलेले आणि आंतून उमटलेले. चहा, कॉफी, पानांतला कात, विडी आणि तंबाखू यांचे डाग बाहेरचे. मशेरी म्हणजे भाजलेला तंबाखूच. तिनें दांत स्वच्छ होतात हा भ्रम आहे. ती दांत काळे करते, व्यसन लावते आणि मुखाच्या कर्करोगाला वाट करून देते. दंतमंजनांत तंबाखू घालण्यास सरकारनें 1992 सालीं बंदी केली, ती याच कारणानें. लोहाचें पातळ औषध किंवा कांहीं जंतुनाशक गुळण्या यांमुळेंही दांतांवर तपकिरी छटा येते. परंतु ती साफ करतां येते.

आंतल्या डागांची गोष्ट वेगळी. अमेरिकेंतील कोलोरॅडो प्रांतांत एका गांवच्या लोकांचे दांत तपकिरी कां, याचा शोध मॅके नांवाच्या दंतवैद्यानें अनेक वर्षें घेतला. अखेर 1931 सालीं उत्तर मिळालें: पिण्याच्या पाण्यांतील फ्लोराइड. भारतांत नेल्लोर भागांतील अशीच व्याधि 1937 सालीं नोंदली गेली. महाराष्ट्रांत नांदेड, यवतमाळ व चंद्रपूर जिल्ह्यांतील कांहीं गांवांच्या भूजलांत हें द्रव्य अधिक आढळतें. भारतीय मानकाप्रमाणें लिटरमागें 1 मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड इष्ट. दुसरें पाणी नसेल तर 1.5 मिलिग्रॅमपर्यंत चालतें. अल्प प्रमाणांत तें दांतांना बळकट करतें. अधिक झालें तर खडूसारखे पांढरे ठिपके, पुढें तपकिरी पट्टे, आणि दीर्घकाळानें हाडांचाही ताठरपणा. हा डाग पडतो तो दांत घडत असतांना, म्हणजे साधारणपणें आठ वर्षांच्या वयापर्यंत. म्हणून आईनें मुलाला न घासल्याबद्दल दोष देण्याआधीं घरच्या पाण्याची परीक्षा करून घ्यावी. पाणी उकळून फ्लोराइड जात नाहीं, उलट आटल्यानें त्याचें प्रमाण वाढतें. तें काढण्यासाठीं नागपूरच्या ‘नीरी’ संस्थेनें तुरटी व चुन्याची नलगोंडा पद्धति सिद्ध केली आहे. ती माहीतगाराच्या देखरेखीखालींच वापरावी.

टेट्रासायक्लिन वर्गांतील औषधें गरोदरपणीं आईला किंवा बालपणीं मुलाला दिल्यास दांतांवर करडे पट्टे उमटतात. मार लागून मेलेला एखादाच दांतही काळवंडतो.

आतां उपाय. बाहेरचे डाग दंतवैद्याकडे कीट काढून व घांसून जातात. या क्रियेनें दांत ढिले होतात ही भीति व्यर्थ आहे. हललेला दांत आधींच हललेला असतो, कीट निघाल्यावर तो कळतो इतकेंच. दांताचा रंगच फिका करावयाचा असेल तर पेरॉक्साइडयुक्त द्रव्य वापरतात. दांतांच्या मापाच्या पातळ सांच्यांत 10 टक्के कार्बामाइड पेरॉक्साइड भरून तो रात्रीं कांहीं आठवडे घालण्याची रीत 1989 सालीं प्रसिद्ध झाली. दांत कांहीं दिवस शिवशिवतात, पण बहुधा तें थांबतें. किडलेले दांत व सुजलेल्या हिरड्या आधीं बऱ्या कराव्या लागतात. बसविलेल्या टोप्यांचा व भरणीचा रंग मात्र यानें बदलत नाहीं. फ्लोराइडच्या उथळ डागांना वरचा सूक्ष्म थर काढून फरक पडतो. खोल डागांवर पातळ आवरण बसवावें लागतें. मेलेल्या दांताचा उपचार आंतूनच करतात.

लिंबाचें आम्ल कवच विरघळवितें, विटकर व कोळसा तें खरवडतात. दांत क्षणभर उजळ दिसतो. पण गेलेलें कवच पुन्हां येत नाहीं आणि खालचा पिवळा भाग उघडा पडतो. पैसे खर्चण्यापूर्वीं दंतवैद्याला एवढेंच विचारावें कीं डाग आंतला कीं बाहेरचा. छत्रपती संभाजीनगर येथें सरकारी दंत महाविद्यालय आहे; तेथेंही हा निवाडा होऊं शकतो. मोठ्या मुलीच्या दांतांवरील डाग पुसण्यास उशीर झाला असला, तरी पाण्याची परीक्षा वेळेवर झाली तर तिच्या धाकट्या भावंडाचे दांत त्यापासून वांचतील.