गुलाबाची पालवी पिवळी का पडते?

अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यात घरापुढे गुलाब लावणाऱ्यांची एक नेहमीची तक्रार असते. रोपवाटिकेतून आणलेले कलम सुरुवातीला चांगले वाढते, फुलतेही. मग नवी पालवी पिवळी निघू लागते. शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. पुढे पाने पांढुरकी होतात, कडा करपतात, कळ्या खुरटतात. मग कोणी पाणी वाढवतो, कोणी राख घालतो, कोणी अंड्याची टरफले किंवा गंजके खिळे पुरतो. झाड मात्र खालावतच जाते. असे का होते?

प्रथम पिवळी पाने कोणती, ते पाहू. नत्र कमी पडले तर झाड जुन्या पानांतील नत्र काढून नव्या पानांना पुरवते. म्हणून खालची, जुनी पाने आधी पिवळी पडतात. लोह मात्र एकदा पानात स्थिरावले की सहसा तेथून हलत नाही. म्हणून लोहाची उणीव शेंड्याच्या कोवळ्या पानांत दिसते. हरितद्रव्याच्या रेणूत लोह नसते, मॅग्नेशियम असते. पण ते द्रव्य तयार होण्यासाठी लोह लागतेच. उसावर शेतकरी ज्याला ‘केवडा’ म्हणतात, तोही बहुधा हाच प्रकार.

गंमत अशी, की आपल्या मातीत लोहाची मुळीच वाण नाही. ही काळी माती बेसाल्ट खडकापासून झाली आणि त्या खडकात सुमारे दहा टक्के लोह असते. अडचण आहे ती विरघळण्याची. मातीचा सामू एकाने वाढला, की फेरिक लोहाची विद्राव्यता सुमारे हजारपटीने घटते. गुलाबाला ६ ते ६.५ सामू मानवतो. आपल्या चुनखडीयुक्त जमिनीत तो बहुधा ८ च्या आसपास असतो.

हा चुना आला कोठून? बेसाल्ट झिजताना कॅल्शियम मोकळे होते. जिल्ह्याच्या बऱ्याच भागात पाऊस वर्षाला पाच-सहाशे मिलिमीटर. तेवढ्या पाण्याने कॅल्शियम धुऊन जात नाही. पाणी उडून जाते आणि चुनखडी मागे उरते. याच जिल्ह्यात अकोले तालुक्याच्या पश्चिमेला, घाटघरकडे, काही हजार मिलिमीटर पाऊस पडतो. तेथे चुना वाहून जातो आणि माती आम्लधर्मी होते.

गुलाबाची मुळेही स्वस्थ बसत नाहीत. ती आम्ल सोडतात आणि फेरिक लोहाचे फेरस लोह करून ते शोषतात. पण माती सतत चिंब राहिली तर मुळांना ऑक्सिजन मिळत नाही. साठलेल्या कार्बन डायऑक्साइडमुळे चुना विरघळून बायकार्बोनेट होते आणि मुळांनी सोडलेले आम्ल ते निष्प्रभ करते. म्हणजे जास्त पाणी हे अपायकारकच. राख अल्कधर्मी, टरफले म्हणजे चुनाच, आणि गंज म्हणजे न विरघळणारे लोह! सगळेच उपाय उलटे.

विद्यार्थ्यांकडून दोन प्रयोग करून घेता येतील. कोरड्या मातीवर व्हिनेगरचे थेंब टाका. बुडबुडे आले तर चुना आहे. दुसरा असा: एक लिटर पाण्यात ५ ग्रॅम हिराकस (फेरस सल्फेट) आणि थोडा लिंबाचा रस घाला. हे ताजे द्रावण पिवळ्या पानाच्या एकाच अर्ध्या भागावर संध्याकाळी कुंचल्याने लावा. आठवडाभरात तेवढाच भाग हिरवा होऊ लागला, तर निदान पक्के. द्रावण तपकिरी झाले तर ते टाकून द्या. त्यातील लोह फेरिक झालेले असते.

याच द्रावणाच्या दर आठ-दहा दिवसांनी तीन-चार फवारण्या दिल्यास पालवी सुधारते. पण हा तात्पुरता इलाज झाला. कायमचा उपाय मुळांशी करायला हवा. कुंडीत निम्मे चांगले कुजलेले शेणखत किंवा कंपोस्ट घालावे. सेंद्रिय आम्ले लोहाला धरून ठेवतात. कुंडीचे छिद्र मोकळे ठेवावे, वरची माती सुकल्यावरच पाणी द्यावे, जमल्यास पावसाचे पाणी साठवून वापरावे. विहिरीच्या जड पाण्याबरोबर रोज थोडा चुना येतच असतो. कुंडीच्या कडेवरचा पांढरा थर त्याचीच खूण. बागेतल्या जमिनीत गंधक घालून सामू उतरवता येतो, पण चुना फार असेल तर गंधकही फार लागते. म्हणून आधी माती परीक्षण प्रयोगशाळेतून सामू आणि मुक्त चुन्याचे प्रमाण काढून घ्यावे, मगच खर्च करावा.