हँड पंप मारूनही ट्रकला डिझेल का चढत नाही? दोष पंपात की नळीत?

ऊस हंगामात लातूर-नांदेड महामार्गावर हे दृश्य नवे नाही. चाकूर किंवा अहमदपूरच्या पुढे रस्त्याच्या कडेला एमएच 24 किंवा एमएच 26 पासिंगचा जुना ट्रक उभा असतो. चालक इंजिनाच्या बगलेला हात घालून हँड पंप मारतोय, क्लीनर सेल्फ मारतोय आणि गाडी काही सुरू होत नाही. अर्ध्या तासात बॅटरीही बसते. मागे भरलेला ऊस उन्हात वाळतो, त्याचे वजन घटते आणि साखरेचा उताराही.

अशा वेळी बहुतेकदा निष्कर्ष ठरलेला असतो : ‘पंप गेला.’ मग पंप उतरवून शहरात दुरुस्तीला पाठवला जातो, गाडी दोन-तीन दिवस उभी राहते आणि बँकेचा हप्ता मात्र थांबत नाही. पंप परत आला, बसवला, तरी त्रास तोच! कारण पुष्कळदा दोष पंपात नसतोच. तो टाकीपासून पंपापर्यंतच्या नळीत, एखाद्या काही रुपयांच्या वॉशरमध्ये असतो.

डिझेल चढते कसे?

जुन्या ट्रकमध्ये दोन पंप असतात आणि गोंधळ इथूनच सुरू होतो. मोठा तो इंजेक्शन पंप. बेंगळुरूच्या मायको कंपनीचे नाव 2008 मध्ये बॉश झाले, तरी गॅरेजमध्ये तो अजूनही ‘मायको पंप’च. त्याच्या अंगाला चिकटलेला छोटा तो फीड पंप. टाकीतून डिझेल ओढून फिल्टरमार्गे मोठ्या पंपाला पुरवणे एवढेच त्याचे काम. इंजिन बंद असताना हेच काम हाताने करण्यासाठी त्यावर जो दट्ट्या असतो, तोच हँड पंप.

फीड पंपाचा दाब साधारण एक-दीड बार, म्हणजे कारच्या टायरमधल्या हवेपेक्षाही कमी. नोझल उघडायला मात्र 200 बारच्या आसपास किंवा त्याहून जास्त दाब लागतो. डिझेल फारसे दाबले जात नाही, म्हणून हा दाब तयार होतो. हवा मात्र स्पंजासारखी दबते. नळीत हवा शिरली की पंपाचा दट्ट्या नुसता हवाच दाबत बसतो आणि नोझल उघडत नाही. मिस्त्री यालाच ‘गाडीने एअर घेतली’ म्हणतात.

गळती दिसत नाही, कारण ती आतल्या बाजूला आहे

फीड पंपाच्या पुढची नळी दाबाखाली असते. तिथे फट पडली तर डिझेल ठिबकते आणि डाग दिसतो. टाकी ते फीड पंप या भागात मात्र ओढ असते. तिथली फट डिझेल बाहेर टाकत नाही, बाहेरची हवा आत घेते. त्यामुळे ‘कुठेच लीक नाही’ हे चालकाचे म्हणणे खरे असते आणि तरीही दोष तिथेच असतो. उन्हाने तडकलेला रबरी पाइप, सैल क्लिप किंवा पोकळ बोल्टाखालचा तांब्याचा वॉशर (गॅरेजच्या भाषेत वायसर) हे नेहमीचे संशयित. जुना, चपटा झालेला वॉशर परत बसवणे ही आपल्याकडची आवडती काटकसर आहे आणि ती महागात पडते.

दट्ट्याचा हाताला लागणारा अंदाजही बरेच सांगतो. ओढताना आणि दाबताना तो ढिलाच लागत असेल, तर हवा येतेय किंवा फीड पंपातले एकदिशा व्हॉल्व्ह कचऱ्याने उघडे राहिलेत. वर ओढताना जड जात असेल आणि सोडताच खाली ओढला जात असेल, तर वाट तुंबली आहे. अशा वेळी आधी टाकीचे झाकण उघडावे. ‘हिस्स’ आवाज आला तर झाकणाचे हवेचे छिद्र बुजलेय. आवाज नसेल तर फीड पंपाच्या तोंडाची जाळी आणि टाकीतल्या नळीची जाळी पाहावी.

कॅनची चाचणी

पंप उतरवण्याआधी ही चाचणी केलीच पाहिजे. स्वच्छ कॅनमध्ये गाळलेले डिझेल घ्यावे. टाकीकडून येणारी नळी फीड पंपापासून सोडवून त्या जागी पारदर्शक नळी घट्ट बसवावी आणि तिचे दुसरे टोक कॅनमध्ये बुडवावे. कॅन टाकीच्याच उंचीवर ठेवावा. वर टांगला तर डिझेल आपोआप उतरते आणि पंपाची खरी ओढ कळत नाही. आता हँड पंप मारावा. पंप कडक झाला, तर फीड पंप ठीक आहे, दोष टाकीच्या बाजूला. कॅनमधूनही डिझेल ओढले जात नसेल, तर फीड पंपाचे व्हॉल्व्ह, स्प्रिंग आणि दट्ट्याचे सील तपासावेत. मोठ्या पंपाला हात लावायची वेळ अजून आलेली नाही.

दोष सापडला की एअर काढायची. गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक लावलेला. आधी फिल्टरवरचा स्क्रू ढिला करून बुडबुडे संपेपर्यंत पंप मारावा आणि डिझेल वाहत असतानाच स्क्रू आवळावा. मग मोठ्या पंपावरचा स्क्रू, तसाच. शेवटी हँड पंपाची मूठ दाबून पूर्ण फिरवून बंद करावी. ती उघडी राहिली तर तिथूनच पुन्हा हवा जाते. सेल्फ एका वेळी दहा-पंधरा सेकंदच मारावा आणि मध्ये मिनिटभर थांबावे.

नळीला तोंड लावून डिझेल ओढण्याची सवय मात्र जिवावर बेतू शकते. पोटात गेलेल्यापेक्षा फुप्फुसात गेलेले डिझेल अधिक घातक असते, त्याने न्यूमोनियासारखा दाह होतो. असे झाल्यास मुद्दाम उलटी करवू नये, थेट रुग्णालय गाठावे.

नोझलचे पाइप ढिले करून एअर काढण्याची पद्धतही फक्त जुन्या पंपाच्या गाड्यांपुरती आहे. बीएस 6 काळातल्या कॉमन रेल इंजिनात दाब 1,600 बारच्याही वर जाऊ शकतो आणि तेवढ्या दाबाची डिझेलची धार कातडी भेदून आत शिरते.

एअर काढून गाडी दिवसभर नीट चालली आणि दुसऱ्या सकाळी पुन्हा अडली, तर रात्रभरात डिझेल टाकीत परत उतरतेय. म्हणजे फट अजून तिथेच आहे किंवा फीड पंपाचा व्हॉल्व्ह नीट बसत नाही. तपास पुन्हा टाकीपासून सुरू करावा लागतो.