शिंकं गेलं, बोका राहिला

‘शिंकं तुटलं नि बोक्याचं फावलं’ असं आपण आजही सर्रास म्हणतो. पण शिंकं पाहिलेलं मूल आज किती घरांत सापडेल? सोलापूरहून तुळजापूरला जाताना आमचं तामलवाडी लागतं. माझ्या लहानपणी तिथं घरोघरी आढ्याला शिंकं टांगलेलं असे आणि त्यात दुधातुपाची मडकी. फ्रिज आला, शिंकं गेलं. म्हण मात्र अजून लोंबकळतेच आहे.

‘मांजर’ हा शब्द संस्कृत ‘मार्जार’वरून आला. त्याच्या मुळाशी ‘मृज्’ हा धातू. अर्थ पुसणं, स्वच्छ करणं. संमार्जन, परिमार्जन हे त्याचेच भाऊबंद. सतत अंग चाटूनपुसून लख्ख ठेवणारा प्राणी तो मार्जार! नर तो बोका, मादी ती भाटी. हा दुसरा शब्द आता क्वचितच कानी पडतो. गंमत म्हणजे शेजारच्या सोलापुरात तेलुगू बोलणाऱ्या विणकर घरांत ‘पिल्लि’ म्हणजे मांजर, आणि आपलं ‘पिल्लू’ मात्र तिचं लेकरू!

नाव एवढं स्वच्छ. म्हणींत मात्र बदनामीच. डोळे मिटून दूध पिणारं मांजर म्हणजे ढोंग. ही बदनामी जुनी आहे. महाभारताच्या उद्योगपर्वात तपस्वी बनून उंदीर फस्त करणाऱ्या मांजराची गोष्ट येते. महाबलीपुरमच्या सातव्या शतकातल्या शिल्पातही हात वर करून तप करणारं मांजर आहे, भोवती उंदीर आहेत. ‘उंदराला मांजर साक्ष’ या म्हणीचा अर्थ मला बँकेच्या नोकरीत नीट उमगला. एकमेकांना जामीन राहिलेले दोन थकबाकीदार शेजारी शेजारी बसून एकमेकांच्या प्रामाणिकपणाची ग्वाही देत, तेव्हा ती हमखास आठवे.

मला वाटतं, या म्हणी ज्याचं दूध गेलं त्यानं केल्या. पण मांजरीला पिलं वाढवताना पाहिलं ते माजघरातल्या बायकांनी. म्हणून ‘मांजरीचे दात तिच्या पिलांना लागत नाहीत’ ही म्हणही आपल्याकडे आहे. त्याच दातांनी उंदीर मरतो, त्याच दातांनी लेकरू अलगद उचललं जातं. दक्षिणेतल्या वैष्णवांनी यावरूनच ‘मार्जारकिशोर न्याय’ सांगितला. माकडाचं पोर आईला घट्ट धरून बसतं. मांजराचं पोर निर्धास्त, कारण धरण्याची काळजी आईची. मांजर पिलांना सात घरं फिरवते, असंही म्हणतात. माझ्या दर बदलीला बिऱ्हाड बांधताना आमच्या सौ. हेच म्हणत. त्यात तक्रार थोडी असे, पिलं सुखरूप नेल्याचा अभिमान अधिक.

डिसेंबर २०२४मध्ये विदर्भातल्या टिपेश्वरहून निघालेला एक वाघ आपल्या जिल्ह्यातल्या येडशी रामलिंग अभयारण्यात येऊन पोचला. ‘वाघाची मावशी’ सांगायला याहून चांगलं निमित्त कोणतं? नातवंडांना जवळ घ्या, मावशीची ओळख करून द्या. आणि शिंकं कसं असतं, तेही कागदावर काढून दाखवा. नाहीतर बोक्याचं फावलं म्हणजे नेमकं काय झालं, हे सांगायला उद्या कुणी उरायचं नाही.