‘समस्थानिक’ या संज्ञेचा अर्थ व उगम

विज्ञानातील संज्ञा शिकविताना आपण व्याख्या पाठ करून घेतो, परंतु शब्दाची फोड करीत नाही. हा प्रमाद माझ्याही हातून घडला आहे. मी शिक्षक असताना एका विद्यार्थ्याने विचारले, “गुरुजी, समस्थानिके म्हणजे एकाच ठिकाणी सापडणारे अणू का?” मी घाईने होकार दिला. ते उत्तर चुकीचे होते. आणि ते दुरुस्त करण्यापूर्वीच त्या मुलाने शाळा सोडली.

या शब्दातील ‘स्थान’ भूमीवरील नव्हे. ते मूलद्रव्यांच्या आवर्तसारणीतील होय. विसाव्या शतकाच्या आरंभी किरणोत्सारी पदार्थांच्या अभ्यासात असे आढळले की, काही पदार्थांचे अणुभार भिन्न असूनही रासायनिक रीतीने ते परस्परांपासून वेगळे करता येत नाहीत. त्यांना निरनिराळी घरे द्यावीत, तर सारणीत तितकी घरे रिकामी नव्हती. तेव्हा ग्लासगो येथील फ्रेडरिक सॉडी यांनी असे पदार्थ एकाच घरात बसतात असे प्रतिपादन केले. मार्गारेट टॉड या डॉक्टर विदुषींनी ग्रीक ‘आयसॉस’ म्हणजे समान व ‘टोपॉस’ म्हणजे स्थान यांवरून त्यांना ‘आयसोटोप’ हे नाव सुचविले. सॉडी यांनी ते १९१३ साली प्रसिद्ध केले. आपला ‘समस्थानिक’ हा शब्द त्याच अर्थाचा आहे.

स्थान समान असून भार भिन्न का, याचा उलगडा १९३२ साली चॅडविक यांनी न्यूट्रॉन शोधल्यावर झाला. प्रोटॉनांच्या संख्येवर अणूचे स्थान ठरते. न्यूट्रॉनांची संख्या बदलली की केवळ भार बदलतो.

वर्गात क्लोरीनचे उदाहरण घ्यावे. आपल्या रोजच्या मिठात तो असतोच. त्याच्या प्रत्येक अणूत १७ प्रोटॉन असतात. न्यूट्रॉन मात्र काहींत १८, तर काहींत २० असतात. म्हणून भार ३५ व ३७ असे दोन होतात. निसर्गात त्यांचे प्रमाण सुमारे तीनास एक असे आहे. तीन चिठ्ठ्यांवर ३५ व चौथीवर ३७ लिहून मुलांकडून सरासरी काढवावी. उत्तर ३५.५ येते. अणुभारात अर्धा कोठून आला, हे मुलांना आपोआप उमगते.

शिक्षकबंधुभगिनींनो, शब्द फोडून सांगितला की व्याख्या निम्मी शिकवून होते. आणि एखादी शंका अडलीच, तर “उद्या पाहून सांगतो” असे म्हणण्यात कमीपणा नाही. मी त्या दिवशी तसे म्हणावयास हवे होते.