कमरेचं बिल

"तुमच्या जर्मनीत औषधपाणी फुकट असतं ना गं?" फोनवर हमखास येणारा प्रश्न. फुकट काही नसतं हो! पगाराचे १४.६ टक्के आणि वर विमा कंपनीचा जादा हप्ता, असे पैसे दर महिन्याला जातात. त्यातला निम्मा भार नवऱ्याची कंपनी उचलते. बिनपगारी बायको आणि मुलं मात्र त्याच हप्त्यात सामावतात, हे खरं.

गेल्या हिवाळ्यात माझी कंबर धरली. बिनलिफ्टचा तिसरा मजला, धाकटा कडेवर आणि हातात पाण्याच्या बाटल्यांचा क्रेट, दुसरं काय होणार! डॉक्टरांनी सहा वेळा फिजिओथेरपी लिहून दिली. त्याचं बिल पावणेदोनशे युरोंच्या आसपास. आपण द्यायचे चिठ्ठीमागे १० युरो आणि बिलाचे १० टक्के, म्हणजे सत्तावीस-अठ्ठावीस युरो. हे परवडतं. ऑस्टिओपॅथकडे गेलात, तर तासाभराचे शंभरेक युरो आधी खिशातून द्यावे लागतात. काही विमा कंपन्या त्यातला थोडा भाग परत करतात, पण आधी विचारून घ्यावं.

खरा खर्च कुठल्याच बिलावर नव्हता. नोकरदार माणूस आजारी पडला, तर सहा आठवडे पूर्ण पगार आणि पुढे 'क्रांकेनगेल्ड', म्हणजे ढोबळ पगाराच्या ७० टक्के भत्ता. एकाच दुखण्यासाठी तीन वर्षांत ७८ आठवड्यांपर्यंत! गृहिणीला शून्य. पगारच नाही, तर भत्ता कशाचा? पण डबे, शाळा, कपडे थांबतात थोडेच! नवऱ्याने पहिले आठ दिवस रजा काढली. ती भारतवारीसाठी राखलेली होती. आईबरोबरचे आठ दिवस माझ्या कमरेत गेले.

मग बालवाडीतल्या एका जर्मन आईने 'हाऊसहाल्ट्सहिल्फं'बद्दल सांगितलं. आजारपणाने घर चालवता येत नसेल, घरात बारा वर्षांखालचं मूल असेल आणि दुसरं कोणी ते काम करू शकत नसेल, तर विमा कंपनी मदतनीस देते, जास्तीत जास्त २६ आठवडे. डॉक्टरांच्या सहीचा अर्ज लागतो. आपला वाटा दिवसाला ५ ते १० युरो. पुढचे दोन आठवडे एक बाई रोज तीन तास यायची. तिला आमचा कुकर बघून धडकीच भरायची!

पावत्या जपून ठेवा. वर्षभरातला असा स्वतःचा वाटा घराच्या ढोबळ उत्पन्नाच्या २ टक्क्यांवर गेला (दीर्घ आजारात १ टक्का), तर अर्ज केल्यावर वरची रक्कम परत मिळते.

भारतातून येणाऱ्या आईवडिलांचं गणित वेगळं. व्हिसासाठी ३०,००० युरोंचा प्रवासविमा लागतो, पण तो अचानक आलेल्या आजारासाठी. जुनी दुखणी त्यात बहुधा बसत नाहीत. सासूबाईंची कंबर वीस वर्षांची जुनी. म्हणून मे महिन्यात येण्याआधी त्यांनी तिकडेच डॉक्टरांना दाखवून घेतलं, आणि पट्टा व गोळ्या चिठ्ठीसकट हातातल्या बॅगेत आणल्या. लोणचं गेलं मोठ्या बॅगेत.