खाडीच्या दोन्ही काठांचे पोलीस

भाईंदर सुटलं की लोकल खाडीवरच्या पुलावर चढते, मध्ये पाणजू बेट लागतं आणि काही मिनिटांत नायगाव येतं. पण पोलिसांच्या नकाशावर 2020 पर्यंत ही खाडी म्हणजे दोन जिल्ह्यांची वेस होती. अलीकडचं मिरा-भाईंदर ठाणे ग्रामीणच्या अधीक्षकांकडे, पलीकडची वसई पालघरच्या अधीक्षकांकडे. खाडी ओलांडली की हद्द बदलायची.

1 ऑक्टोबर 2020 रोजी दोन्ही काठ मिळून मिरा-भाईंदर, वसई-विरार पोलीस आयुक्तालय सुरू झालं. मुख्यालय मिरा रोडला आणि पहिले आयुक्त सदानंद दाते. 26 नोव्हेंबर 2008 च्या रात्री कामा रुग्णालयात दहशतवाद्यांशी लढताना जखमी झालेले आणि पुढे ‘वर्दीतल्या माणसाच्या नोंदी’ हे पुस्तक लिहिणारे हेच अधिकारी.

आयुक्तालय म्हणजे नुसती पाटी बदलणं नव्हे. अधीक्षकांच्या व्यवस्थेत तडीपारीचा प्रस्ताव प्रांताधिकाऱ्यांकडे जातो, जमावबंदीचा आदेश जिल्हाधिकारी काढतात. आयुक्तालयात हे अधिकार पोलिसांकडेच असतात. वस्तीला वेठीला धरणाऱ्या गुंडाला हद्दपार करायचं, तर कागद दुसऱ्या कचेरीत फिरवावा लागत नाही. अधिकार जितका जवळ, तितकी त्याच्या वापराची जबाबदारी मोठी, हेही खरं.

दुसरा बदल अंतराचा. 2011 च्या जनगणनेत वसई-विरार महापालिकेची लोकसंख्या 12 लाख 22 हजार होती आणि मिरा-भाईंदरची 8 लाख 9 हजार. त्यानंतर नालासोपारा पूर्व, पेल्हार, वालीव या पट्ट्यांत चाळींवर चाळी आणि इमारतींवर इमारती उभ्या राहिल्या. म्हणून जुन्या ठाण्यांच्या हद्दी फोडून आचोळे, पेल्हार, मांडवी, नायगाव, बोळींज अशी नवी पोलीस ठाणी करण्यात आली. नालासोपाऱ्यात घरकाम करणाऱ्या बाईच्या दृष्टीने ठाणं चालत जाण्याच्या टप्प्यात असणं ही लहान गोष्ट नाही. रिक्षाचे पैसे आणि कामाचा खाडा यांचा हिशेब करूनच ती तक्रारीला निघते.

पण ठाण्याची पायरी चढल्यावर पुढे काय होतं, तिथेच या आयुक्तालयाची खरी परीक्षा आहे. 23 नोव्हेंबर 2020 रोजी, म्हणजे आयुक्तालयाला दोन महिनेही झाले नव्हते तेव्हा, वसईच्या एका तरुणीने तुळींज पोलीस ठाण्यात लेखी तक्रार दिली. सोबत राहणारा तरुण मारतो, जिवे मारून तुकडे करण्याची धमकी देतो, असं तिने लिहिलं होतं. पुढच्या महिन्यात तिने ‘आता वाद नाही’ असा जबाब दिला आणि प्रकरण तिथेच थांबलं. 2022 मध्ये दिल्लीत तिच्या खुनाचं प्रकरण उघडकीला आलं आणि देश हादरला. त्याला वाचा फुटली तीही वसईतच. वडिलांनी मुलगी बेपत्ता असल्याची तक्रार माणिकपूर पोलीस ठाण्यात दिली, तिथल्या पोलिसांनी त्या तरुणाला बोलावलं, त्याच्या बोलण्यातल्या विसंगती आणि मोबाइलच्या नोंदी पडताळल्या आणि धागा दिल्लीपर्यंत नेला. एकाच आयुक्तालयातली ही दोन ठाणी शेजारी ठेवून पाहिली पाहिजेत. मारहाण सोसणारी बाई तक्रार मागे घेते ती बहुधा भीतीने, घरच्यांच्या दबावाने किंवा पुन्हा एकदा विश्वास टाकून. ‘वाद नाही’ या दोन शब्दांनंतरही महिन्याभराने कुणीतरी तिच्या दारात जाऊन विचारपूस करणं, हे पोलिसांचंच काम आहे.

भरोसा कक्षाची कल्पना याच ठिकाणी कामाची ठरते. जानेवारी 2017 मध्ये नागपूर पोलिसांनी तो प्रथम सुरू केला. समुपदेशन, कायद्याचा सल्ला, वैद्यकीय मदत आणि निवारा, सगळं एका छताखाली. मिरा-भाईंदर, वसई-विरारमध्येही असे कक्ष आहेत.

तरीही 18 जून 2024 च्या सकाळी वसई पूर्वेला चिंचपाडा भागात एका तरुणीचा भर रस्त्यात लोखंडी पान्याने घाव घालून खून झाला. येणारेजाणारे पाहत उभे होते. एकाने अडवायचा प्रयत्न केला, पण तो अपुरा पडला. तरुणाच्या त्रासाबद्दल काही दिवसांपूर्वीच पोलिसांत तक्रार केली होती, असं तिच्या घरच्यांनी सांगितलं. बघ्यांना दोष देणं सोपं आहे. पण त्यांतल्या बहुतेकांच्या खिशात फोन असेल आणि आपत्कालीन मदतीचा 112 हा क्रमांक देशभर एकच आहे, हे किती जणांना त्या क्षणी आठवलं असेल? तो क्रमांक अंगवळणी पाडणं, हे शाळा, कारखाने आणि गृहनिर्माण संस्थांत जाऊन करायचं काम आहे.

त्यानंतर तेराच दिवसांनी, 1 जुलै 2024 पासून, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली. घटना कुठल्याही हद्दीत घडलेली असो, तक्रार ज्या ठाण्यात येईल त्याने गुन्हा नोंदवायचा, ही तरतूद आता कायद्यातच आहे. वसईत तिचं मोल मोठं, कारण इथला माणूस दिवसातून दोनदा हद्दी ओलांडतो: घर आचोळ्यात, कंपनी वालीवला आणि रेल्वेचा फलाट लोहमार्ग पोलिसांकडे.

तपासाच्या आघाडीवर मात्र आयुक्तालयाने दूरवर हात पोचवला आहे. काशिमिऱ्यात पकडलेल्या थोड्याशा मेफेड्रोन या अमली पदार्थाचा माग काढत गुन्हे शाखा सप्टेंबर 2025 मध्ये हैदराबादजवळच्या चेर्लापल्लीतल्या कारखान्यापर्यंत पोचली.

किनाऱ्यावर पोलिसांचा भरवसा वेगळ्याच माणसांवर असतो. उत्तन आणि अर्नाळ्याला सागरी पोलीस ठाणी आहेत. पण समुद्रातली अनोळखी होडी आधी दिसते ती कोळ्यांना. 2008 मध्ये दहशतवादी समुद्रमार्गे आले, त्यानंतर किनाऱ्यावरच्या गावांचा हा पहारा यंत्रणेला जोडून घेण्यात आला, ‘सागर कवच’ हा सराव सुरू झाला. अर्नाळ्याच्या बेटावर, किल्ल्याभोवती, कोळ्यांची वस्ती आहे. 112 ची गाडी तिथे जात नाही. रात्री तिथून फोन आला, तर पोलिसांना किनाऱ्यावर उतरून आधी होडी गाठावी लागते.