जंबुपार दीप

पिण्याचे पाणी शुद्ध करणारी जी यंत्रे आज आपल्या शहरांतील असंख्य स्वयंपाकघरांत, ओट्यावरच्या भिंतीला, देव्हाऱ्याइतक्याच निश्चित स्थानी टांगलेली दिसतात, त्यांपैकी पुष्कळांच्या पोटात बोटभर जाडीची एक काचेची नळी असते, आणि नळाचे पाणी तिच्याभोवती वाहत असता जो अदृश्य प्रकाश त्यावर पडतो त्यानेच त्यातील जंतू निकामी होतात, ही गोष्ट त्या पाण्याचा पेला रोज तोंडाला लावणाऱ्यांपैकी थोड्यांनाच ठाऊक असते. मुंबईत जन्मलेले पदार्थविज्ञानवेत्ते अशोक गाडगीळ यांनी कॅलिफोर्नियातील लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत बसून, १९९२-९३ च्या सुमारास बंगालमध्ये उसळलेल्या पटकीने अस्वस्थ होऊन, ही नळी पाण्यात न बुडविता पाण्यावर अधांतरी टांगली, म्हणजे तिच्यावर शेवाळ-क्षारांची पुटे चढण्याचा प्रश्नच उरला नाही, आणि अवघ्या ६० वॅट विजेवर मिनिटाला सुमारे १५ लिटर पाणी निर्जंतुक करणारे साधन खेड्यापाड्यांच्या हाती आले. प्रस्तुत लेखाचा विषय मात्र त्याच नळीची दुसरी कामगिरी, म्हणजे घरातील हवेची शुद्धी, हा आहे. आणि पाण्यापेक्षा हवेचा बंदोबस्त कितीतरी अवघड आहे, हे प्रारंभीच सांगितलेले बरे.

दिव्याची घडण साधी आहे. जुन्या ट्यूबलाइटमध्ये अल्प दाबाखाली पाऱ्याची जी वाफ कोंडलेली असते तीच येथेही असते, आणि तिच्यातून विद्युत्प्रवाह जाऊ लागला की २५३.७ नॅनोमीटर तरंगलांबीचा किरण बाहेर पडू लागतो. ट्यूबलाइटमध्ये नळीच्या आतला पांढरा लेप त्या किरणाचे दृश्य उजेडात रूपांतर करतो, जंतुनाशक दिव्यात तो लेप नसतो, आणि साधी काच हा किरण अडवीत असल्याने तिच्या जागी क्वार्ट्झची किंवा मुद्दाम घडविलेली काच योजावी लागते. जांभळ्या रंगाच्या पलीकडचा म्हणून जुन्या लेखकांनी त्याला जंबुपार म्हटले. आजची पाठ्यपुस्तके अतिनील म्हणतात. मला जुने नाव अधिक भावते. जंतूच्या केंद्रकाम्लाकडून २६० ते २६५ नॅनोमीटरच्या आसपासचा प्रकाश सर्वाधिक शोषला जातो, आणि पाऱ्याचा हा किरण त्याच्या अगदी शेजारी येतो. त्याच्या आघाताने केंद्रकाम्लातील लगतचे थायमिनचे घटक परस्परांस चिकटतात, वंशलेखाची नक्कल उतरेनाशी होते, आणि जंतू तत्काळ मेला नाही तरी निर्वंश होतो. रोगाच्या दृष्टीने दोन्ही सारखेच.

उन्हात जंतू टिकत नाहीत हे आर्थर डाउन्स व थॉमस ब्लंट या इंग्रज संशोधकांनी १८७७ मध्ये प्रयोगाने दाखविले, आणि डेन्मार्कच्या नील्स फिन्सेन यांना त्वचेच्या क्षयावरील प्रकाशचिकित्सेसाठी १९०३ चे नोबेल पारितोषिक मिळाले. परंतु हवेतील रोगजंतूंचा विचार ज्याने मुळापासून केला तो वैद्य नव्हता, आरोग्य-अभियंता होता. हार्वर्डमधील विल्यम वेल्स यांनी १९३४ मध्ये असे प्रतिपादन केले की खोकल्या-शिंकेतून उडालेले मोठे थेंब लवकर जमिनीवर पडतात हे खरे, पण सूक्ष्म थेंब पडण्यापूर्वीच सुकून जातात आणि त्यांचे कण जंतूंसह तासन्‌तास हवेत तरंगत राहतात. रोग जर हवेतून हिंडत असेल तर उपायही हवेतच केला पाहिजे, या विचाराने त्यांनी फिलाडेल्फियाकडील शाळांच्या वर्गांत, मुलांच्या डोक्यांच्या वर, छताकडे तोंड केलेले जंबुपार दिवे लावले. १९४१ मध्ये गोवराची साथ आली तेव्हा दिवे असलेल्या वर्गांत ती फारच मंद राहिली. पुढे अन्यत्र झालेल्या शाळांतील प्रयोगांत असे स्पष्ट यश दिसले नाही, कारण जी मुले वर्गात निर्धोक हवेत बसत तीच शाळेच्या बसमधून दाटीवाटीने एकत्र घरी जात. या अपयशाचा दाखला मला त्या यशाइतकाच मोलाचा वाटतो: दिवा जेथे आहे तेथेच त्याचा अंमल चालतो, उंबरठ्याबाहेर नाही.

वेल्स यांचे शिष्य रिचर्ड रायली यांनी गुरूच्या सिद्धान्ताची जी खातरजमा केली ती वैद्यकाच्या इतिहासात चिरस्मरणीय आहे. बाल्टिमोरच्या एका रुग्णालयात सहा खाटांचा क्षयरोग्यांचा कक्ष होता; त्याची हवा नळाने वरच्या मजल्यावर नेऊन तेथे पाळलेल्या गिनीपिगांच्या पिंजऱ्यांवरून सोडण्यात येई, आणि रोग्याचे तोंडही कधी न पाहिलेल्या त्या मुक्या जिवांपैकी ७१ जणांस पहिल्या दोन वर्षांत क्षयाची लागण झाली. मग हवेच्या दोन वाटा करण्यात आल्या आणि त्यांतील एकीवर जंबुपार दिवे बसविण्यात आले. त्या वाटेवरच्या गिनीपिगांपैकी एकालाही लागण झाली नाही. परंतु एव्हाना क्षयावर गुणकारी औषधे निघाली होती, गोवराची लस दृष्टिपथात होती, आणि अशा काळी छताजवळच्या दिव्याची आठवण कोणास राहणार? औषधांना न जुमानणारा क्षय डोके वर काढू लागला तेव्हा, आणि पुन्हा कोविडच्या वर्षांत, लोकांनी तो दिवा शोधून काढला.

आता घराचा विचार करू. या दिव्याचे सामर्थ्य दोन गोष्टींच्या गुणाकारात आहे, प्रकाशाची तीव्रता आणि त्यात काढलेला काळ. आणि घरगुती साधनांत नेमका काळच अपुरा पडतो. अमेरिकेसारख्या देशांत जेथे सबंध घराची हवा पत्र्याच्या मार्गांतून खेळविली जाते, तेथे दिवा त्या मार्गात बसविण्याचा प्रघात आहे. पण सेकंदाला दोन-अडीच मीटर वेगाने धावणारी हवा मीटरभर लांबीच्या प्रकाशक्षेत्रातून जेमतेम अर्ध्या सेकंदात निसटते. नाजूक जंतूंना तेवढे पुरू शकते. बुरशीच्या बीजाणूंना कित्येक पट अधिक मात्रा लागते. तथापि वातानुकूलन यंत्राची थंड, ओली, अंधारी कॉइल, जिच्यावर बुरशी मनसोक्त वाढते, ती जागची हलत नाही, आणि तिच्यावर अहोरात्र पडणारा प्रकाश काळाची उणीव भरून काढतो. माँट्रियलच्या तीन कचेऱ्यांत असे दिवे लावल्यावर प्रकाशाखालील पृष्ठभागांवरचे जंतू ९९ टक्क्यांनी घटल्याचे आणि कर्मचाऱ्यांच्या तक्रारीही कमी झाल्याचे २००३ मध्ये प्रसिद्ध झाले. म्हणून माझे मत असे की यंत्रमार्गातील दिवा हा प्रथम कॉइलचा राखणदार समजावा.

आपल्याकडील स्प्लिट एसीला असे मार्ग नसतात. तो खोलीतली तीच ती हवा थंड करून परत देतो, आणि दारे-खिडक्या लावून निजलेल्या कुटुंबात एकाचा श्वास रात्रभर दुसऱ्याच्या वाट्याला येतो. येथे वेल्स यांचीच रीत योग्य, म्हणजे सात फुटांच्या वर, पट्ट्यांच्या आड बसविलेला दिवा, ज्याचा प्रकाश केवळ छताखालच्या हवेत आडवा पसरेल. छत निदान आठ फुटांचे हवे, आणि खालची हवा वर व वरची खाली येत राहिली पाहिजे. हे काम छताचा पंखा उत्तम करतो, आणि तो आपल्या घरोघरी आहेच. मात्र धूळ, धूर, स्वयंपाकाची वाफ, रंगाचा वास यांवर या दिव्याचा काडीमात्र अधिकार चालत नाही. त्यासाठी गाळणी आणि उघडी खिडकी हीच साधने.

आणि हा प्रकाश डोळ्यांवर पडता कामा नये. तो पडल्याचे त्या क्षणी कळत नाही. काही तासांनी, बहुधा रात्री, डोळ्यांत वाळू गेल्यासारखी आग होते, त्वचा लाल होते. माणूस खोलीत असताना उघडा दिवा लावण्यास कोणत्याही परिस्थितीत मुभा देऊ नये. हातात धरून फिरविण्याच्या कांड्यांचा तर मी निषेधच करतो. १८५ नॅनोमीटरचा किरणही सोडणारे काही दिवे ओझोन वायू निर्माण करतात, आणि तो फुप्फुसांस घातक आहे. म्हणून ओझोनरहित दिव्याचीच मागणी करावी. त्वचेच्या मृत थरापलीकडे फारसा न शिरणाऱ्या २२२ नॅनोमीटरच्या किरणावर संशोधन चालू आहे आणि त्याकडून मला मोठी आशा आहे, परंतु आज घरात बसवायचा तो पाऱ्याचाच दिवा.

हा दिवा घेण्याचा ज्यांचा बेत असेल त्यांना एवढीच विनंती की तो जाणत्या कारागिराकडून बसवून घ्यावा, वीज बंद केल्याखेरीज त्याचे झाकण उघडू नये, आणि बसविल्याची तारीख झाकणावर ठळक लिहून ठेवावी. कारण अशा नळीची मुदत साधारणतः ९,००० तासांची, म्हणजे अखंड जळाल्यास वर्षभराची असते, आणि जंतुनाशक किरण क्षीण झाल्यानंतरही तिची निळी आभा तशीच दिसत राहते.